सल्फेटांचे औष्णिक अपघटन

धातूचे सल्फेट पुरेसे तापविले असता त्याचे अपघटन (संयुगाचे साध्या घटकांत विभाजन) होऊन बहुधा धातूचे ऑक्साइड मागे राहते व सल्फर ट्राय-ऑक्साइड वायुरूपाने निघून जाते. तापमान जसे वाढत जाईल, तसा या वायूचा अधिकाधिक भाग सल्फर डाय-ऑक्साइड व ऑक्सिजन यांत विभागला जातो.

स्वरूप : सजल सल्फेटातून प्रथम स्फटिकजल निघून जाते, हे खरे अपघटन नव्हे. निळा मोरचूद (कॉपर सल्फेट) तापविल्यास सु. २५०° से.पर्यंत निर्जल होऊन पांढरा पडतो व पाणी घातल्यास पुन्हा निळा होतो. सु. ६५०° से.च्या वर मात्र तो अपघटित होऊ लागतो. प्रथम क्षारकीय सल्फेट (ऑक्साइड व सल्फेट यांचे संयुग) बनते व शेवटी काळे क्युप्रिक ऑक्साइड उरते. हा बदल पाण्याने उलटविता येत नाही. सु. २५० ग्रॅ. मोरचुदापासून सु. ८० ग्रॅ. ऑक्साइड मिळते.

सल्फेट आयनात गंधकाच्या अणूभोवती ऑक्सिजनाचे चार अणू असतात. धातूचा आयन त्यांपैकी एक आपल्याकडे ओढून घेतो व उरलेला भाग सल्फर ट्राय-ऑक्साइड म्हणून सुटतो. आयन लहान व अधिक विद्युत् भाराचा असल्यास ही ओढ प्रबळ असते. त्यामुळे ॲल्युमिनियम सल्फेट सु. ७७०° से.ला, मॅग्नेशियम सल्फेट सु. १,१००° से.ला, तर कॅल्शियम सल्फेट १,२००° से.च्याही वर अपघटित होते. बेरियम सल्फेट त्याहून स्थिर असते. सोडियम व पोटॅशियम यांची सल्फेटे अपघटित न होता वितळतात. चांदीचे ऑक्साइड उष्णतेने टिकत नसल्याने सिल्व्हर सल्फेटापासून शेवटी धातूच मिळते.

ही तापमाने वितळबिंदूसारखी निश्चित नसतात. विक्रिया व्युत्क्रमी (दोन्ही दिशांनी होणारी) असल्यामुळे भोवतीच्या वायूंचा दाब वाढला, की अपघटन मंदावते; वायू सतत काढून घेतल्यास ते कमी तापमानासही पुढे सरकते. म्हणून तापमानाबरोबरच भट्टीतील हवेचे नियमनही आवश्यक असते.

उपयोग : हिराकस (फेरस सल्फेट) तापविल्यास तांबडे फेरिक ऑक्साइड मिळते. ते रंगद्रव्य म्हणून व काच आणि दागिने यांना झिलई देण्यासाठी वापरतात. या विक्रियेत निघणाऱ्या सल्फर ट्राय-ऑक्साइडाचा काही भाग लोहाचे ऑक्सिडीकरण करताना सल्फर डाय-ऑक्साइडात बदलतो. जर्मनीतील नॉर्डहाउझेन येथे हिराकस मातीच्या बकपात्रांत तापवून धूमायमान गंधकाम्ल बनवीत. पेरेग्रिन फिलिप्स यांनी १८३१ मध्ये एकस्व (पेटंट) घेतलेली, उत्प्रेरक वापरणारी स्पर्श पद्धती पुढे प्रचारात आल्यावर ही रीत मागे पडली.

धातुविज्ञानात स्थैर्यातील फरकाचा लाभ घेतात. तांबे व कोबाल्ट यांच्या सल्फाइडयुक्त धातुकांचे (कच्च्या धातूंचे) नियंत्रित तापमानास भर्जन केल्यास त्या धातूंची सल्फेटे बनतात. लोहाचे सल्फेट त्या तापमानास टिकत नसल्याने लोह ऑक्साइडरूपात राहते. नंतर पाण्याने किंवा विरल अम्लाने तांबे व कोबाल्ट विरघळवून लोहापासून अलग करता येतात. काँगोतील कटांगा विभागात ही पद्धत वापरली गेली. जस्ताच्या धातुकाचे भर्जन मात्र सल्फेट न राहता ऑक्साइड मिळावे म्हणून सु. ९००° से.च्या वर करतात.

जिप्समाचे (कॅल्शियम सल्फेटाचे) अपघटन कोळशाच्या सान्निध्यात पुष्कळ कमी तापमानास होते. पहिल्या महायुद्धात जर्मनीत आयात पायराइट दुर्मिळ झाल्यावर या गुणधर्मावर आधारित पद्धत विकसित झाली. निर्जल जिप्सम, चिकणमाती, वाळू व कोक यांचे मिश्रण फिरत्या भट्टीत तापवून तिच्यातून सिमेंटचा क्लिंकर व गंधकाम्लासाठी सल्फर डाय-ऑक्साइड ही दोन्ही मिळवीत. फॉस्फरयुक्त खतांच्या कारखान्यांत एक टन फॉस्फरस पेंटॉक्साइडाइतक्या फॉस्फोरिक अम्लामागे सु. ५ टन जिप्सम निरुपयोगी म्हणून साचते. भारतासारख्या नैसर्गिक गंधकाची वाण असलेल्या देशात या साठ्यातील गंधक परत मिळविण्याचे आकर्षण मोठे आहे. परंतु लागणारे इंधन व जिप्सममधील फॉस्फेट आणि फ्ल्युओराइड यांची अशुद्धी या अडचणी आहेत.

अपघटनातून निघणारे वायू श्वसनमार्गास अपायकारक असून हवेत सुटल्यास अम्लवर्षेस कारण होतात. म्हणून कारखान्यात ते शोषून अम्लात रूपांतरित करतात व प्रयोगशाळेत असे प्रयोग वायू बाहेर खेचणाऱ्या कपाटात करतात.