वाचनाच्या तासाचा हिशेब

घाटकोपर-मुलुंडकडील प्राथमिक शाळेत सराव पाठ घ्यावयास आलेल्या छात्राध्यापकाचे टाचण निर्दोष असते. मागील बाकावर परीक्षक असतात. तो उत्तम वाचतो; मुले ऐकतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक शाळेत ३० मुलांमागे एक शिक्षक, हे प्रमाण ठरविले. ३० मिनिटांच्या तासात एकेकाने उभे राहून वाचावयाचे म्हटले, तरी प्रत्येकाच्या वाट्यास एकच मिनिट येते. उरलेली २९ चुळबुळीची. तीच मुले जोडीजोडीने बसविली, तर प्रत्येकास १५ मिनिटे लाभतात. ज्याच्या घरी पाठ्यपुस्तकावाचून दुसरे पुस्तक नाही, त्याला हीच काय ती संधी. वर्गात गलका होईल खरा. परंतु शांत वर्ग तोच शिकणारा, हा समज प्रथम परीक्षकांनीच सोडावयास हवा. गुण द्यावयाचे ते शिक्षकाच्या वाणीला नव्हे, मुलांच्या वाचनाला.