आईच्या कुळीचा हिशेब (लेखांक 7)

वारणा खोऱ्यातल्या कोडोलीसारख्या गावात पंढरपुरी म्हैस मुऱ्हा रेड्याच्या रेतानं भरवली, तिच्या वगारीलाही मुऱ्हाच दिला आणि हे चार पिढ्या चाललं, तर चौथ्या पिढीतली वगार हिशेबानं 93.75 टक्के मुऱ्हा ठरते. खापरपणजीची खांद्यामागे गेलेली तलवारीसारखी शिंगं जातात, डोक्यावर मुऱ्हाचा घट्ट वळसा येतो. तरी तिच्या पेशींत ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रियातला डीएनए पुरताच्या पुरता त्या खापरपणजीचा असतो. रेड्याच्या शुक्रपेशीतही मायटोकाँड्रिया असतात. पण त्यांच्यावर युबिक्विटिन या प्रथिनाची खूण असते आणि अंड्यात शिरल्यावर ते नष्ट केले जातात. 1999 मध्ये ही खूण दिसली ती गोवंशात आणि माकडांत. ब्राझीलची नेलोर गाय आपल्या ओंगोल वळूंवरून घडवलेली, वशिंडासह दिसायला अस्सल भारतीय. पण तिथल्या पुष्कळ नेलोर गाईंचा हा डीएनए बिनवशिंडाच्या गोवंशाचा निघाला, कारण वळू इथले असले तरी त्यांच्याकडून भरवलेल्या गाई बहुतेक तिथल्याच होत्या.

इथे एक रास्त शंका येते. बापाच्या डीएनएशी सरमिसळच होत नसेल, तर पिढ्यान्‌पिढ्या दोष साचून वंश खचायला हवा. तो खचत नाही, याचं उत्तर अंड्याच्या घडणीत आहे. पक्व अंड्यात या डीएनएच्या लाखाहून अधिक प्रती असतात, पण ज्या आदिम पेशींपासून अंडी घडतात त्यांच्यात त्या फार थोड्या असतात. मिसळीच्या पोत्यातून मूठभर दाणे पेरणीला काढावेत आणि मुठीत एकच वाण जास्त यावं, तसं इथे होतं. म्हणून एकाच आईच्या दोन वगारींत सदोष प्रतींचं प्रमाण वेगळं असू शकतं. होल्स्टीन गाईंच्या एकाच मातृवंशात असे बदल झपाट्यानं पालटल्याचं 1982 मध्येच नोंदलं गेलं. हा नुसता योगायोग म्हणावा, तर 2008 चा उंदरांवरचा प्रयोग आडवा येतो: गंभीर दोष चार पिढ्यांत नाहीसा झाला, सौम्य दोष मात्र टिकून राहिला. गंभीर दोषाची छाटणी गर्भ राहण्याआधी, अंडी तयार होतानाच होत होती.

कुणी म्हणेल, या डीएनएत जनुकं जेमतेम 37, प्रथिनं 13. त्याचं एवढं काय? पण ही तेराही प्रथिनं पेशीची ऊर्जा बनवण्याच्या यंत्रणेतली आहेत आणि त्यांना केंद्रकाकडून आलेल्या प्रथिनांशी जुळवून काम करावं लागतं. आपल्या वगारीत एक बाजू पंढरपुरी, दुसरी बहुतांशी मुऱ्हा. एवढ्यावरून दुधातला फरक मायटोकाँड्रियाच्या माथी मारणं मात्र घाईचं ठरेल; दोन्ही जाती नदी म्हशींच्याच गटातल्या. पण आईची कुळी लिहिलीच नाही, तर तो प्रश्न तपासायलाही काही उरणार नाही. पशुपालकांनो, वहीत रेड्याच्या नंबराशेजारी म्हशीच्या आईचा बिल्ला नंबरही लिहून ठेवा.