लडाखची पहिली सहल : किलोमीटर नव्हे, दिवस मोजा

सह्याद्रीतील चार-दोन किल्ले पायाखाली घातले, की शाळेतल्या गिरिभ्रमण मंडळाला हिमालयाचे वेध लागतात आणि त्यातही लडाखचे नाव हटकून पुढे येते. मग नकाशा पसरला जातो. पाहण्याची ठिकाणे, त्यांच्यामधील अंतरे, गाडीचे भाडे आणि शिल्लक रजा यांचा मेळ घातला जातो. सहा दिवसांत लेह, नुब्रा आणि पँगाँग सरोवर उरकून परत यायचे असे ठरते. कागदावर हा हिशेब चोख दिसतो. फक्त हवेचा विचार त्यात राहून गेलेला असतो.

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १,६४६ मीटर. लेह शहर सुमारे ३,५०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. सह्याद्रीत कितीही वर्षे भटकंती केली असली, तरी इतक्या विरळ हवेचा अनुभव शरीराला मिळालेला नसतो. त्यामुळे तेथील सरावावर लडाखचे वेळापत्रक बेतता येत नाही. ते कशावर बेतायचे, हे समजण्यासाठी थोडे भौतिकशास्त्र आणि थोडे शरीरशास्त्र पाहावे लागते.

हवा किती विरळ?

उंचावर हवेचा दाब कमी होतो हे १६४८ साली प्रयोगाने सिद्ध झाले. फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कालच्या सूचनेवरून त्याचा मेहुणा फ्लोराँ पेरिए याने पाऱ्याची नळी पुय-द-डोम नावाच्या डोंगरावर नेली. पायथ्याच्या तुलनेत माथ्यावर पाऱ्याची पातळी सुमारे आठ सेंटीमीटरने खाली आली. आपण हवेच्या महासागराच्या तळाशी राहतो, आणि जसजसे वर जावे तसतसा डोक्यावरील हवेचा भार हलका होतो, हे त्यातून दिसले.

‘उंचावर प्राणवायूचे प्रमाण कमी असते’ असे आपण वर्गात सहज बोलून जातो. हे विधान नेमके नाही. हवेतील प्राणवायूचे शेकडा प्रमाण मुंबईत आणि लेहमध्ये सारखेच, सुमारे २१ टक्के असते. कमी होतो तो एकूण दाब, आणि त्याबरोबर प्राणवायूचा वाट्याचा दाब, म्हणजेच आंशिक दाब. फुप्फुसातून रक्तात प्राणवायू ढकलला जातो तो या आंशिक दाबामुळे.

श्वासाबरोबर आत जाणारी हवा श्वासनलिकेत ओलसर होते. शरीराच्या तपमानाला या बाष्पाचा दाब ४७ मिलिमीटर असतो आणि तो उंचीनुसार बदलत नाही. म्हणून एकूण दाबातून ४७ वजा करायचे आणि उरलेल्याला ०.२१ ने गुणायचे. सरासरी वातावरण धरून असा हिशेब केला, तर पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये पुढील आकडे येतात :

समुद्रसपाटी : एकूण दाब ७६०, प्राणवायूचा दाब सुमारे १५०
कळसूबाई (१,६४६ मीटर) : ६२३ आणि १२१
लेह (३,५०० मीटर) : ४९३ आणि ९४
पँगाँग (सुमारे ४,२५० मीटर) : ४४७ आणि ८४
खारदुंग ला (५,३५९ मीटर) : ३८६ आणि ७१

कळसूबाईवर आपल्याला समुद्रसपाटीच्या चार पंचमांश दाबाने प्राणवायू मिळतो, लेहमध्ये पाच अष्टमांश, तर खारदुंग ला या खिंडीत निम्म्याहूनही कमी. मुंबईहून विमानाने निघालेला गट त्याच दिवशी लेहला पोहोचतो. हा बदल शरीराला एका दिवसात सोसावा लागतो.

शरीराला दिवस का लागतात?

मानेतील मोठ्या रोहिणीजवळ पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. रक्तातील प्राणवायू कमी झाला की तो लगेच मेंदूला इशारा देतो आणि श्वास जलद व खोल होऊ लागतो. पण जलद श्वासाबरोबर कर्बद्विवायूही जास्त प्रमाणात बाहेर पडतो. रक्तातील कर्बद्विवायू घटला की रक्त किंचित अल्कधर्मी होते, आणि मेंदूतील श्वसनकेंद्राच्या दृष्टीने हा ‘श्वास पुरे’ असा संकेत असतो. एक यंत्रणा श्वास वाढवा म्हणते आणि दुसरी आवरा म्हणते. झोपेत ही ओढाताण अधिक जाणवते. काही जलद श्वास, मग काही सेकंद श्वास थांबलेला, मग दचकून जाग, असा क्रम पहिल्या रात्री अनेकांच्या बाबतीत घडतो.

ही कोंडी फोडण्याचे काम मूत्रपिंडे करतात. रक्तातील जादा बायकार्बोनेट ती लघवीवाटे बाहेर टाकतात. रक्ताचा अल्कधर्मीपणा कमी होतो आणि श्वासावरचा लगाम सैल पडतो. या कामाला काही तास पुरत नाहीत, काही दिवस लागतात. तांबड्या पेशींची संख्या वाढण्यास तर कित्येक आठवडे लागतात, त्यामुळे छोट्या सहलीत तिचा फारसा उपयोग नाही. आपल्या सहलीची गती ठरते ती मूत्रपिंडांच्या गतीने. असेटाझोलामाइड हे औषध बायकार्बोनेट बाहेर टाकण्याच्या याच क्रियेला वेग देते. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे, आणि घेतले म्हणून विश्रांतीचे दिवस गाळू नयेत.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. शरीर कमावलेले असले म्हणजे विरळ हवेचा त्रास होत नाही, असे नाही. १९६९ साली इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमालयात नेमलेल्या १,९२५ भारतीय सैनिकांच्या निरीक्षणांवर आधारित प्रबंध प्रसिद्ध केला. पर्वतीय आजार झालेली ही माणसे लष्करात निवडली गेलेली, काटक होती. उलट शाळेतला उत्तम धावपटू पहिल्याच दिवशी टेकडी पळत चढतो आणि रात्री आजारी पडतो, ही शक्यता अधिक असते.

आजाराची तीन रूपे

विमानातून उतरल्यावर बहुतेकांना काहीच होत नाही. त्रास सुरू होतो तो साधारण ६ ते १२ तासांनी. तोवर उत्साहाच्या भरात गट बाजारात हिंडून आलेला असतो.

पहिले रूप सौम्य असते. डोके दुखते आणि जोडीला मळमळ, भूक नसणे, थकवा किंवा चक्कर यांपैकी काही असते. अशा वेळी आणखी वर जायचे नाही आणि विश्रांती घ्यायची. बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरे वाटते.

दुसऱ्या रूपात फुप्फुसात पाणी साठते. हा त्रास बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्री उद्भवतो. बसल्या जागी धाप लागते, खोकला येतो, ओठ निळसर पडतात. पूर्वी याला न्यूमोनिया समजत. हा उंचीमुळे होणारा वेगळा विकार आहे, हे अमेरिकन डॉक्टर चार्ल्स ह्यूस्टन यांनी १९६० साली एका रोग्याच्या वर्णनासह मांडले.

तिसऱ्या रूपात मेंदूला सूज येते. रोगी असंबद्ध बोलतो, त्याचा तोल जातो. जमिनीवरील सरळ रेषेवर टाचेला अंगठा टेकवत चालायला सांगावे. ते जमत नसेल तर धोका जवळ आला आहे असे समजावे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या रूपात काही तासांत जीव जाऊ शकतो. उपाय एकच : ताबडतोब खाली उतरवणे, आणि सोबत प्राणवायू व वैद्यकीय मदत मिळवणे. सकाळची वाट पाहू नये.

वेळापत्रक कसे आखावे?

गिरिवैद्यकाचा सर्वमान्य नियम असा की, ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. महत्त्व मुक्कामाच्या उंचीला आहे. दिवसा खिंड ओलांडून खाली उतरणे वेगळे आणि तेवढ्याच उंचीवर रात्र काढणे वेगळे.

हा नियम लावला की दोन रस्त्यांतला फरक स्पष्ट होतो. मनालीच्या रस्त्याने जाणारे पुष्कळ जण सुमारे ३,१०० मीटरवरील केलाँगहून निघून रात्री सरचूला तंबूत राहतात. सरचूची उंची सुमारे ४,३०० मीटर, म्हणजे एका दिवसात १,२०० मीटरची उडी. श्रीनगरचा रस्ता पहिल्या सहलीला अधिक सोयीचा. श्रीनगर (१,५८५ मीटर), कारगिल (सुमारे २,६८०), आल्ची (सुमारे ३,१००) आणि मग लेह, असे चार मुक्काम होतात. वाटेतील फोतू ला ही खिंड ४,१०८ मीटर उंच आहे, पण ती ओलांडून आपण पुन्हा खाली येतो. शिवाय आल्चीच्या विहारातील शेकडो वर्षांपूर्वीची भित्तिचित्रे पाहायला मिळतात. विमानाने थेट लेहला जायचेच असेल, तर पहिले दोन पूर्ण दिवस फक्त विश्रांतीसाठी ठेवावेत.

लेहमध्ये दोन दिवस थांबल्यावर आधी नुब्रा खोऱ्यात जावे. खारदुंग ला उंच असली तरी पलीकडचे दिस्कित सुमारे ३,१५० मीटरवर, लेहपेक्षाही खाली आहे. पँगाँग शेवटी ठेवावे. सुमारे ३,९०० मीटरवरील तांगत्से गावी मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सरोवर पाहावे आणि लेहला परतावे. महाराष्ट्रातून जाण्यायेण्याचा प्रवास धरून हा कार्यक्रम दोन आठवड्यांचा होतो. तेवढी रजा नसेल, तर पँगाँग गाळावे. दिवस गाळू नयेत.

खाली उतरण्याची वाट कोणती?

नकाशावर जाण्याची वाट आखली, तशी प्रत्येक मुक्कामापुढे ‘येथून खाली कसे उतरायचे’ हेही लिहून ठेवावे. लेहमध्ये सोनम नोरबू स्मृती रुग्णालय आहे, आणि सिंधूच्या काठाने खालत्सेकडे गेले तर मोठी खिंड न ओलांडता सुमारे ५०० मीटर खाली येता येते. दिस्कितची उंचीच कमी आहे. पँगाँगची गोष्ट मात्र निराळी. तेथून लेहला यायचे तर ५,३०० मीटरहून उंच असलेली चांग ला आधी चढावी लागते. श्योक नदीच्या काठाने नुब्रात उतरणारा रस्ता आहे, पण पुराच्या दिवसांत तो भरवशाचा नसतो. सरोवराकाठी मध्यरात्री कुणाला धाप लागली, तर सुटकेची वाट आधी वर जाते. पँगाँग शेवटी ठेवण्याचे हे दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण.

म्हणून निघण्यापूर्वीच काही गोष्टी ठरवाव्यात. आजारी मुलाबरोबर कोणता शिक्षक खाली जाईल? कोणती गाडी रात्री चालकासह तयार असेल? प्राणवायूचे नळकांडे कुणाजवळ असेल? फोन लागेलच असे धरू नये.

याहूनही महत्त्वाचे म्हणजे, डोके दुखत असल्याचे सांगण्यात कमीपणा नाही, हे मुलांच्या मनावर ठसवावे. आपल्यामुळे सगळ्यांची सहल बिघडेल या भीतीने मुले त्रास लपवतात. रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाला तेच चार प्रश्न विचारून वहीत नोंद केली, तर ही भीती पुष्कळ कमी होते. डोके दुखते का? जेवण गेले का? झोप लागली का? चालताना तोल जातो का? शिक्षकांनीही आपली स्वतःची उत्तरे याच वहीत लिहावीत.

निघण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी आवश्यक आहे. हृदयाचे वा फुप्फुसांचे विकार आणि तीव्र रक्तक्षय असलेल्यांनी डॉक्टरांचा निर्णय मानावा. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल आढळतो. सिकलसेलच्या रुग्णांनी इतक्या उंचीवर जाऊ नये. केवळ वाहक असलेल्यांच्याही प्लीहेला विरळ हवेत इजा झाल्याची उदाहरणे आहेत. तेव्हा या भागातील शाळांनी ही तपासणी जरूर करून घ्यावी.

ऊन, थंडी आणि पाणी

लेहमध्ये वर्षाला सरासरी सुमारे १०० मिलिमीटर पाऊस पडतो. हवा अत्यंत कोरडी असल्याने घाम लगेच उडून जातो आणि शरीरातील पाणी घटल्याचे कळत नाही. तहानेची वाट न पाहता पाणी प्यावे. अतिनील किरणांची तीव्रता दर हजार मीटरला सुमारे १० टक्क्यांनी वाढते, म्हणून गार वारा असतानाही टोपी आणि गडद चष्मा हवा. तपमान दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरते, आणि सूर्य मावळताच गारठा वाढतो.

पाऊस क्वचित पडतो म्हणून ओढ्याच्या कोरड्या पात्रात तंबू ठोकू नयेत. ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री लेह परिसरात झालेल्या ढगफुटीने चिखलदगडांचे लोंढे आले आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. हिमनद्यांचे पाणी दुपारी वितळून वाढते, तेव्हा ओढे सकाळीच ओलांडावेत. थंड, कोरड्या जमिनीत कचरा फार सावकाश कुजतो. जे नेले ते परत आणावे.

वर्गातली पूर्वतयारी

या सहलीचा अभ्यास दोन महिने आधी वर्गातच सुरू करता येतो. वरील दाबाचे आकडे मुलांनी आलेखावर मांडावेत आणि सरचू किंवा तांगत्से येथील दाब त्यावरून काढावा. लेहमध्ये पाणी सुमारे ८८ अंशांना उकळते. मग तेथे डाळ कुकरशिवाय का शिजत नाही? खारदुंग ला येथे रिकामी प्लॅस्टिकची बाटली घट्ट झाकण लावून लेहला आणली, तर तिच्यातील हवेचे आकारमान किती उरेल? तपमान सारखे धरल्यास बॉइलच्या नियमाने उत्तर येते ३८६ भागिले ४९३, म्हणजे जवळजवळ पाऊण हिस्सा. चेपलेली बाटली पाहताना मुलांना हा हिशेब आठवेल.

वेळापत्रक आखण्याचे कामही मुलांकडेच सोपवावे. प्रत्येक मुक्कामाची उंची, आदल्या मुक्कामापासूनची वाढ आणि खाली उतरण्याची वाट, असे तीन रकाने त्यांनी भरावेत. एखाद्या रात्री वाढ ५०० मीटरहून जास्त दिसली की तेथे आणखी एक दिवस का हवा, हे ज्या विद्यार्थ्याला स्वतः सांगता येईल, तो लेहला पोहोचल्यावर दोन दिवस स्वस्थ बसण्याबद्दल कुरकुर करणार नाही. आणि डोके दुखू लागले, तर ते तो लपवणारही नाही.