जोंगा पुन्हा वाटेवर आणताना : आधी दुरुस्ती, मग साज

बरगी (जबलपूर) : नागपूरहून जबलपूरकडे येताना शहराच्या अलीकडे बरगी लागते. महामार्ग सोडून धरणाच्या दिशेने वळले आणि आडवाट धरली, की डांबरी रस्त्याचा भरवसा संपतो. दगडगोट्यांचे चढ, ओढ्यांचे उतार आणि जलाशयाच्या काठची चिकण माती असा हा मुलूख आहे. उन्हाने मातीचा वरचा थर वाळलेला दिसतो, पण त्याखाली ओल टिकून असते. अशा जमिनीवर गाडीचा कस पहिल्या पन्नास पावलांतच लागतो.

असा कस पाहणारी एक गाडी एके काळी याच जिल्ह्यात तयार होत असे. तिचे नाव जोंगा. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ते पडले. जपानच्या निस्सान कंपनीच्या ‘पेट्रोल पी-६०’ या गाडीवर आधारलेली जोंगा १९६९ पासून लष्करासाठी बनू लागली. जबलपूरची व्हेईकल फॅक्टरीही १९६९ चीच. १९९९ मध्ये जोंगाचे उत्पादन थांबले. शस्त्रनिर्माण मंडळाची ऑक्टोबर २०२१ मध्ये सात कंपन्यांत पुनर्रचना झाल्यानंतर हा कारखाना आर्मर्ड व्हेईकल्स निगम लिमिटेडच्या अखत्यारीत आला.

लष्कराने सेवेतून काढलेल्या जोंगा लिलावातून नागरिकांच्या हाती आल्या. माजी क्रिकेट कर्णधार महेंद्रसिंह धोनी २०१९ मध्ये रांचीत अशी गाडी चालवताना दिसल्यानंतर या विस्मृतीत गेलेल्या नावाची देशभर पुन्हा चर्चा झाली. मात्र जुनी लष्करी गाडी विकत घेणे आणि ती आडवाटेवर नेण्याजोगी करणे यांत मोठे अंतर आहे. पुष्कळांचा पहिला खर्च रुंद टायर, विंच, टपावरचे दिवे आणि नवा रंग यांवर होतो. ब्रेक, स्टिअरिंग आणि चेसिस यांची पाळी नंतर येते. हा क्रम उलटा आहे आणि तो चुकल्यास पैसा जातो, कधी जीवही धोक्यात येतो.

गाडीची मूळ घडण

जोंगाची ताकद तिच्या साधेपणात आहे. शिडीसारखी भक्कम चेसिस, पुढे व मागे कमानपाटे, सुमारे चार लिटरचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आणि चारही चाकांना ओढ देणारी यंत्रणा, एवढाच तिचा पसारा. इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नसल्याने तिच्यातील बहुतेक बिघाड डोळ्यांना दिसतात, कानांना ऐकू येतात आणि पान्ह्याने दुरुस्त होतात.

अशा गाडीत दोन गिअर दांडे असतात. मुख्य दांड्याने वेग बदलतो. दुसऱ्या दांड्याने पुढची चाके जोडली जातात आणि गरज पडल्यास चाकांचा वेग आणखी घटवून ओढ वाढवता येते. पुढची व मागची चाके एकदा जोडली की दोन्ही आसांना एकाच गतीने फिरावे लागते. वळणावर मात्र पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापायचे असते. मातीत चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती घसरत नाहीत आणि सारा ताण गिअर व शाफ्टवर येतो. म्हणून महामार्गावर दोन चाकांवर चालावे आणि माती लागली की चारही चाके जोडावीत, हा अशा गाडीचा पहिला नियम आहे.

चारही चाके जोडली म्हणजे गाडी अडकणार नाही, हाही गैरसमज आहे. साध्या डिफरन्शियलमध्ये ज्या चाकाला पकड नाही, तेच मोकळे फिरत राहते. एक चाक हवेत लटकले की त्याच आसावरचे दुसरे चाक जमिनीवर असूनही स्वस्थ उभे राहते. त्यामुळे वाट निवडताना चारही चाके जमिनीला टेकलेली राहतील, असा विचार चालकाला करावा लागतो.

तपासणीची सुरुवात खालून

दुरुस्ती चेसिसपासून सुरू करावी लागते. गाडी उचलून खालचा चिखल खरवडावा आणि आडव्या पट्ट्या, कमानपाट्यांचे आधार व स्टिअरिंग बॉक्स बसवलेली जागा हातोडीने ठोकून पाहावी. निरोगी लोखंड खणखणीत वाजते, गंजाने पोखरलेले बद्द वाजते. रंगाच्या जाड थराखाली गंज लपतो, म्हणून नुकतीच रंगवलेली जुनी गाडी अधिक बारकाईने पाहावी. आधारांजवळ बारीक भेग दिसली तर ती सपाट रस्त्यावर निरुपद्रवी वाटते. खडकाळ वाटेवर गाडी पिळवटते तेव्हा तीच वाढत जाते.

त्यानंतर ब्रेक. ज्या जुन्या गाड्यांत चारही चाकांना ब्रेकची एकच नळी-व्यवस्था असते, त्यांत एक नळी फुटली तरी सगळे ब्रेक जातात. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडरमधील रबर कडक झालेले असते. ते सरसकट बदलणे शहाणपणाचे. ड्रम ब्रेकमध्ये पाणी व चिखल साचतो. ओढा ओलांडल्यानंतर काही अंतर ब्रेक हलका दाबून चालावे, म्हणजे लाइनर सुकतात. ही सवय नसलेल्या चालकाला पाण्यानंतरचा पहिला उतार महागात पडू शकतो.

स्टिअरिंगमधील ढिलाई तिसऱ्या क्रमांकावर येते. चाक फिरवूनही गाडी लगेच वळत नसेल किंवा ठरावीक वेगाला पुढची चाके डुगडुगत असतील, तर किंगपिन, टाय रॉडची टोके आणि चाकांची बेअरिंग तपासावीत. रुंद व जड टायर बसवल्याने हा दोष झाकला जात नाही, उलट वाढतो.

ऑइल, पाणी आणि पेट्रोल

आसातील ऑइल काढून पाहिले तर गाडीचा इतिहास कळतो. ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी शिरलेले आहे. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. चालून तापलेला आस थंड पाण्यात बुडाला की आतील हवा आकसते आणि ऑइल सीलमधून पाणी आत ओढले जाते. हवा जाण्या-येण्याची लहान नळी आसाला असते. ती रबरी नळीने बॉनेटच्या उंचीपर्यंत वर नेली, तर हवा वरून घेतली जाते आणि पाणी शिरण्याचा धोका घटतो. अत्यल्प खर्चाचा हा बदल महागड्या विंचपेक्षा अधिक वेळा उपयोगी पडतो.

आडवाटेवर वेग कमी आणि श्रम जास्त असतात. समोरून वारा न मिळाल्याने रेडिएटरवर भार येतो. जुन्या रेडिएटरच्या जाळीत क्षार साचलेले असतात. तो खोलून स्वच्छ करणे, पाण्याचा पंप व पंख्याचा पट्टा पाहणे हे उन्हाळ्यापूर्वीच उरकावे.

पेट्रोलचा प्रश्न नवा आहे. देशात २०२५ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. कार्बोरेटरच्या काळातील रबरी नळ्या, पडदे व गॅस्केट या इंधनासाठी बनवलेले नव्हते. इथेनॉल ओलावाही शोषून घेते, त्यामुळे दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीच्या लोखंडी टाकीत गंज धरू शकतो. जुन्या नळ्या बदलून इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घालणे, टाकी आतून स्वच्छ करणे आणि गाडी फार दिवस भरल्या टाकीने उभी न ठेवणे, हे उपाय आहेत. गरम इंजिनवर ठिबकणाऱ्या पेट्रोलने आग लागू शकते. अग्निशामक नळकांडे म्हणूनच ऐच्छिक साजात मोडत नाही, ते सुरुवातीलाच गाडीत असावे.

साज कोणता आणि का

एवढे झाल्यावर साजाचा विचार करावा. सर्वांत अधिक गुण टायरचा आणि त्यातील हवेचा. रस्त्यावर ३० ते ३५ पौंड हवेवर चालणारी गाडी मऊ मातीत १८ ते २० पौंडांवर आणली, तर टायर पसरतो व पकड वाढते. ट्यूब असलेल्या टायरमध्ये हवा फार उतरवू नये. टायर रिमवर सरकला तर ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटला जातो. डांबरी रस्त्यावर परतण्याआधी हवा पुन्हा भरण्यासाठी लहान कॉम्प्रेसर जवळ हवा.

दुसरी गरज गाडी ओढून काढण्याच्या साधनांची. चेसिसला पक्के बसवलेले हूक पुढे व मागे असावेत. ट्रेलर जोडण्याच्या गोळ्याला दोर बांधून झटका देणे अत्यंत धोकादायक आहे. तो तुटला तर गोळीसारखा उडतो. विंच घ्यायचीच तर गाडीच्या भारासह वजनाच्या दीडपट क्षमतेची घ्यावी, म्हणजे दोन टनांच्या गाडीला किमान तीन टनांची. ताणलेल्या दोरावर जाड घोंगडी किंवा पोते टाकावे आणि दोराच्या रेषेत कोणी उभे राहू नये. झाडाला दोर थेट न गुंडाळता रुंद पट्टा वापरला तर सालही वाचते. जॅकखाली ठेवायला जाड फळी नसेल तर काळ्या मातीत जॅकच खाली जातो आणि गाडी जागची हलत नाही.

गाडीची उंची वाढवण्याचा मोह अनेकांना होतो. उंचीबरोबर गुरुत्वमध्य वर जातो, तिरक्या उतारावर गाडी कलंडण्याची शक्यता वाढते आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर वाकडा ताण येतो. टपावर जड सामान लादल्यानेही हेच घडते. उंच श्वासनळी, म्हणजे स्नॉर्केल, इंजिनमध्ये पाणी शिरू देत नाही. पण पेट्रोल इंजिनचा डिस्ट्रिब्यूटर भिजला तर गाडी पाण्यातच बंद पडते. जुन्या गाडीत सीट बेल्ट पक्के आहेत का, हे या सगळ्याच्या आधी पाहावे.

कायद्याची चौकट

लिलावातील गाडी घेताना लष्कराने दिलेले विक्रीचे कागद, इंजिन क्रमांक आणि चेसिस क्रमांक जुळतात का हे प्रथम पाहावे. नागरी नोंदणी झाल्याविना ती सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेला आणि नोंदणीत लिहिलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीला दुजोरा दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. वाहनांच्या पुढे बसवल्या जाणाऱ्या लोखंडी बुलबारविरुद्ध कारवाई करण्याची सूचना केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना केली होती. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवण्याचा विचार असेल, तर गॅरेजच्या आधी परिवहन कार्यालयाची पायरी चढावी.

आणखी एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. केंद्राने जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. त्यासाठी चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली यांसारख्या मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. सुरुवातीच्या वर्षांतील जोंगा आता या वयात आल्या आहेत. आडवाटेसाठी कापलेली, जोडलेली गाडी या मानाला कायमची मुकते. उत्पादन थांबून पाव शतक उलटलेल्या गाडीच्या बाबतीत हा निर्णय परत फिरवता येत नाही.

वाट कोणाची?

गाडी तयार झाली तरी प्रत्येक मोकळी जमीन वाट नसते. बरगी धरणामुळे जबलपूर, मंडला आणि सिवनी जिल्ह्यांतील १६२ गावे बाधित झाली. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवर त्यांतील कुटुंबे गाळपेर करतात. दुरून ओसाड दिसणारी काठाची माती कोणाचे तरी पेरलेले शेत असते. जंगलात परवानगीविना गाडी घालणे हाही गुन्हा ठरू शकतो. गावकऱ्यांना विचारून, पडलेल्या चाकोरीतूनच आणि किमान दोन गाड्यांनी जाणे, हा शिरस्ता हौशी मंडळींनी पाळायला हवा.

शिकण्यासाठी जागाही आहेत. महाराष्ट्रात इगतपुरीजवळ महिंद्राचे ऑफ-रोड प्रशिक्षण केंद्र आहे, तर गोव्यात २०१४ पासून रेनफॉरेस्ट चॅलेंज ही पावसाळी स्पर्धा होत आली आहे. नवशिक्याने अशा ठिकाणी आधी दुसऱ्याच्या गाडीत बसून पाहिले, तरी आपल्या गाडीला खरोखर काय हवे याची यादी बरीच छोटी होते.

जोंगा जबलपूरने लष्करासाठी बनवली, ती पोहोचावी आणि परत यावी म्हणून. तिला पुन्हा वाटेवर आणणाऱ्याने हाच हिशेब ठेवावा. चढ चढून जाण्याची सोय पाहण्याआधी उतारावर थांबण्याची खात्री करून घ्यावी.