यंत्राचे उत्तर आणि लेखकाचा पत्ता

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलने भारतातही शोधनिकालांच्या वर यंत्राने लिहिलेला सारांश द्यायला प्रारंभ केला. मी ज्या महाविद्यालयात शिकवितो तेथील विद्यार्थ्यांचे टिपण, निबंध, चर्चासत्रातील भाषण यांची सुरुवात आता बहुधा मोबाइलवर विचारलेल्या एखाद्या प्रश्नाने होते. यामुळे वाचन बुडाले, अशी खंत पुष्कळांनी व्यक्त केली आहे. तीत मी येथे भर घालणार नाही. माझ्यापुढचा प्रश्न निराळा आहे. कार्यकर्ते, छोटे प्रकाशक आणि नियतकालिकांचे संपादक आपले लेखन संकेतस्थळावर ठेवतात, तेव्हा हा चॅटबॉट त्यांच्याकडे वाचक पाठवितो काय? पाठवीत असेल तर किती, कोणाकडे आणि कोणत्या अटींवर?

संकेतस्थळावर येणाऱ्या वाचकांच्या वर्दळीला 'ट्रॅफिक' म्हणतात. शब्द दुकानदारीचा आहे आणि म्हणून आपल्यापैकी अनेकांना तो परका वाटतो. परंतु ज्याने पदरमोड करून अंक काढला, वर्गणीदारांच्या पत्त्यांच्या चिठ्ठ्या स्वतःच्या हाताने चिकटविल्या, त्याला वाचक मिळणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. १९२० साली 'मूकनायक' निघाले ते आपले म्हणणे आपल्या पत्रातून लोकांपुढे जावे म्हणून. पत्र काढणे आणि ते वाचकाच्या हाती पडणे ही एकाच कामाची दोन टोके आहेत. यातले दुसरे टोक आज कोणाच्या हातात गेले आहे, हे समजून घेणे आवश्यक आहे.

आजवरचा व्यवहार साधारण असा होता. गूगलसारखी शोधयंत्रणा आपली पाने वाचून त्यांची नोंद ठेवी. वाचकाने प्रश्न विचारला की ती नोंदीतील पानांची यादी त्याच्यापुढे ठेवी. वाचक त्यातील एखाद्या दुव्यावर बोट ठेवून आपल्या पानावर येई. पान वाचू देण्याच्या मोबदल्यात वाचक मिळणे, असा हा अलिखित करार होता. त्यातही मोठ्या संकेतस्थळांचे नाव वर आणि लहानांचे तळाशी, हा अन्याय होताच. तथापि यादी वाचकाच्या डोळ्यांपुढे असे आणि निवड त्याला स्वतः करावी लागे. चॅटबॉटने ही यादी मधून काढून घेतली. तो स्वतःच पाने वाचतो, त्यांचा एक मजकूर करतो आणि तयार उत्तर हाती देतो. ज्या पानांवर ते उत्तर उभे आहे, ती पाने खालच्या बारीक दुव्यांत जातात. कधी तेवढीही दिसत नाहीत.

असे का होते हे कळण्यासाठी चॅटबॉटच्या उत्तराचे दोन उगम वेगळे करून पाहावे लागतात. पहिला उगम त्याच्या प्रशिक्षणाचा. यंत्र घडविताना त्याला अब्जावधी शब्दांचा मजकूर दाखविलेला असतो. त्यातून भाषेचे आणि माहितीचे साचे त्याच्यात उतरतात. पण कोणते वाक्य कोणाच्या लेखातून आले याची खातेवही तेथे राहत नाही. या स्मरणातून दिलेल्या उत्तराला स्वाभाविकपणे दुवा नसतो. दुसरा उगम ताज्या शोधाचा. प्रश्न आला की यंत्र शोधयंत्रणेकडे जाते, काही पाने त्या क्षणी उघडून वाचते आणि उत्तराला त्यांचे दुवे जोडते. चॅटजीपीटीमध्ये अशी शोधाची सोय ऑक्टोबर २०२४ अखेर आली. आपल्याकडे वाचक आला तर तो या दुसऱ्या वाटेनेच येणार. पहिल्या वाटेने आपले लेखन जाते, वाचक परत येत नाही.

आता प्रमाण पाहू. अमेरिकेतील प्यू संशोधन संस्थेने मार्च २०२५ मध्ये ९०० प्रौढांच्या गूगल वापराची पाहणी केली. यंत्राचा सारांश नसलेल्या शोधांत लोकांनी १५ टक्के वेळा एखादा दुवा उघडला; सारांश दिसला तेथे हे प्रमाण ८ टक्क्यांवर आले. खुद्द सारांशातील दुवा उघडण्याचे प्रमाण अवघे १ टक्का होते. क्लाउडफ्लेअर ही कंपनी असंख्य संकेतस्थळांची राखण करते, त्यामुळे कोणते यंत्र किती वेळा पाने वाचून गेले हे तिला दिसते. जून २०२५ च्या तिच्या आकड्यांनुसार गूगलचे यंत्र १४ पाने वाचून एक वाचक पाठवीत होते, ओपनएआयचे १७०० पाने वाचून एक, तर अँथ्रॉपिकचे ७३,००० पाने वाचून एक. अर्थात मोबाइल अ‍ॅपमधून आलेल्या वाचकाची नोंद पुष्कळदा होत नाही, त्यामुळे प्रत्यक्षातील तफावत काहीशी कमी असू शकेल. आणि पाने वाचू देण्याचे पैसे घ्यावेत ही योजनाही हीच कंपनी त्या सुमारास पुढे आणत होती, हेही विसरू नये. तरी घेणे किती आणि देणे किती, याचा अंदाज यावरून येतो.

याउलट बाजूचाही आकडा आहे. अहरेफ्स या कंपनीने २०२५ च्या आरंभी ३००० संकेतस्थळे तपासली. त्यांपैकी ६३ टक्के स्थळांवर चॅटबॉटकडून काही ना काही वाचक आले होते. परंतु सरासरी स्थळाच्या एकूण वाचकांत त्यांचा वाटा ०.१७ टक्के होता, म्हणजे हजारात दोनसुद्धा नाहीत. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. ही वाट अस्तित्वात आहे, आणि आजमितीस ती पाऊलवाट आहे. तिच्या भरवशावर कोणी नियतकालिक चालविण्याचे मनोरथ रचू नयेत.

तरीही या पाऊलवाटेने कोण येतो याचा विचार केला पाहिजे. चॅटबॉटच्या उत्तरावर ज्याचे समाधान झाले तो तेथेच थांबतो. जो दुवा उघडतो त्याला अधिक हवे असते. मूळ मजकूर पाहायचा असतो, पडताळा घ्यायचा असतो. शंभर चुकार वाचकांपेक्षा असा एक वाचक आपल्या कामाचा आहे. मग प्रश्न उरतो, यंत्र दुवा कोणाला देते?

प्रिन्स्टन विद्यापीठ आणि दिल्लीची आयआयटी येथील अभ्यासकांनी २०२३ च्या अखेरीस या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. मजकुरात आकडे, अवतरणे आणि आधार दिले तर यंत्राच्या उत्तरात त्या पानाला मिळणारी जागा ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकते, असे त्यांना आढळले. तोच तो शब्द पुन्हा पुन्हा घालण्याच्या जुन्या युक्तीचा मात्र उपयोग झाला नाही. यावर आता सल्ला विकणाऱ्यांचा एक धंदाच उभा राहिला आहे. आपल्याला तो सल्ला विकत घेण्याचे कारण नाही, कारण त्यातले सार आपल्या कामाचेच आहे. महाडच्या सत्याग्रहाची तारीख कोणी विचारली, तर २० मार्च १९२७ हे उत्तर यंत्राला हजार ठिकाणी मिळते. त्यासाठी ते आपल्या दारी येणार नाही. परंतु आपल्या तालुक्यातून त्या सत्याग्रहाला कोण गेले, गावी परतल्यावर त्यांच्यावर काय गुदरले, त्यांच्या घरच्यांनी पुढे काय सांगितले, हे ज्या एकाच पानावर नाव, गाव आणि सालासह लिहिलेले असेल, त्या पानाला टाळून यंत्राला या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही. जे दुसरीकडे नाही ते लिहिणे, हीच या वाटेवरची खरी पात्रता आहे.

येथे आपल्यापुढे एक अडचण उभी राहते, आणि ती बाहेरच्या कोणी आणलेली नाही. असे लेखन आपल्याकडे विपुल आहे. ते यंत्राला वाचता येत नाही. आपल्या जुन्या अंकांची पाने छायाचित्रे काढून पीडीएफ केली जातात. माणसाला तेथे अक्षरे दिसतात, यंत्रापुढे मुख्यतः चित्र येते. अक्षरओळख करणारी साधने आहेत. पण जुनी छपाई, फिकी शाई आणि तुटलेली जोडाक्षरे यांपुढे ती अडखळतात. नंतरच्या काळात अंक संगणकावर जुळले, पण ते श्रीलिपी, आकृती यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटांत. त्यातील मजकूर उचलून दुसरीकडे ठेवला की देवनागरीच्या जागी अर्थहीन चिन्हे उमटतात, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला आहे. शोधयंत्रणेलाही तीच चिन्हे दिसतात. परिणामी आपल्या चळवळीबद्दल विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर इतरांनी, बहुधा इंग्रजीतून आणि दुरून लिहिलेल्या मजकुरावर उभे राहते. आपले म्हणणे छापलेले असूनही त्या उत्तरात अनुपस्थित राहते.

म्हणून पहिले काम युनिकोडचे. निवडक लेख तरी पुन्हा युनिकोडमध्ये टंकलिखित करून घ्यावेत. प्रत्येक लेखाला स्वतंत्र पान असावे. संपूर्ण अंकाची एकच जडशीळ फाइल नसावी. शीर्षकाखाली लेखकाचे नाव, अंक, महिना आणि साल मजकुराच्या रूपाने लिहावे. पान साधे असावे. जेथे मजकूर नंतर स्क्रिप्ट चालवून भरला जातो, तेथे अनेक यंत्रांना कोरे पान दिसते. पदव्युत्तर वर्गातील चार विद्यार्थ्यांनी एका सत्रात करण्याजोगे हे काम आहे, आणि या प्रकल्पाला आमच्या विभागांनी गुण द्यायला हरकत नसावी.

दुसरे काम दारावरच्या पाटीचे. प्रत्येक संकेतस्थळावर 'रोबोट्स' नावाची एक छोटी फाइल ठेवता येते. कोणत्या यंत्राने आत यावे आणि कोणी येऊ नये, हे तीत लिहिलेले असते. ही प्रथा १९९४ पासूनची आहे. तिच्यात कायद्याची सक्ती नाही, पाळणाऱ्याने पाळायची ती सूचना आहे. ओपनएआयचे निरनिराळे क्रॉलर निरनिराळ्या नावांनी येतात: जीपीटीबॉट हा प्रशिक्षणासाठी मजकूर नेतो, ओएआय-सर्चबॉट हा शोधात दुवा दाखविता यावा म्हणून पाने पाहतो, आणि चॅटजीपीटी-यूजर हा एखाद्या वाचकाने प्रश्न विचारल्यावर त्याच्या वतीने पान उघडतो. म्हणजे पहिल्याला नकार आणि दुसऱ्याला परवानगी, असे करता येते. पुष्कळ लोक रागाने सर्वांनाच दार बंद करतात आणि मग दुवा मिळत नाही म्हणून तक्रार करतात. राग समजण्यासारखा आहे; नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात ओपनएआयविरुद्ध दावा दाखल केला, तो याच घेण्यादेण्याच्या प्रश्नावर. परंतु काय द्यायचे आणि काय नाही हे संपादकाने जाणून ठरवावे. तांत्रिक माणसाने परस्पर ठरवू नये.

तिसरे काम मोजण्याचे. चॅटजीपीटी आपल्या दुव्यांच्या शेवटी स्वतःच्या नावाची खूण जोडते. संकेतस्थळाच्या नोंदवहीत ही खूण पाहिली म्हणजे कोणत्या लेखासाठी कोण आले ते कळते. कधी कधी न लिहिलेल्या पानासाठीही वाचक येतो, कारण यंत्राने दुवाच कल्पनेने रचलेला असतो. कोलंबिया विद्यापीठातील टो सेंटरने मार्च २०२५ मध्ये अशी आठ साधने तपासली. बातमीतील उतारा देऊन तो मूळ कोठला हे विचारले असता, ६० टक्क्यांहून अधिक वेळा उत्तर चुकले. तेव्हा आपल्या नावावर यंत्र काय खपविते, हे अधूनमधून स्वतः विचारून पाहणे हाही संपादकीय कामाचा भाग मानला पाहिजे.

एवढा खटाटोप हजारात दोन वाचकांसाठी कशाला, असे कोणी विचारील. माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. कोणते पुस्तक वाचावे हे सांगणारे घरी कोणी नव्हते. पुस्तकाच्या शेवटी दिलेली संदर्भांची यादी हाच माझा मार्गदर्शक होता. एका लेखकाने दुसऱ्याचे नाव सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याचे, आणि त्या नावांमागे जात मी येथवर आलो. ज्यांच्या घरात पुस्तकांचे कपाट आहे त्यांना उत्तर बिनपत्त्याचे मिळाले तरी पत्ता सांगणारे कोणीतरी भेटते. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला मात्र बिनपत्त्याचे उत्तर तेथेच थांबविते. हे कोणी तरी लिहिले आहे, त्या लिहिणाऱ्याचे नाव आहे, गाव आहे आणि तो आपल्यासारख्याच घरातून आला आहे, हे त्याला कळतच नाही.

म्हणून दुव्याचा प्रश्न मला मोलाचा वाटतो. तो दुवा आज यंत्राच्या मालकाच्या मर्जीवर आहे आणि उद्या तो काढूनही घेतला जाईल. यासाठी वर्गणीदारांची यादी, टपालाने जाणारा अंक आणि वाचकांचे मेळावे यांना पर्याय नाही. ते सांभाळावेतच. त्याबरोबर जुन्या अंकांतील एकेक लेख यंत्राला वाचता येईल अशा अक्षरांत, लेखकाच्या नावासह मांडण्याचे काम या वर्षी सुरू करावे. आपल्याविषयीची उत्तरे रोज दिली जात आहेत. ती देताना आपले पान समोर असेल की नसेल, एवढा भाग अजून आपल्या हातात आहे.