सुताराची वाट किती पाहायची?

‘शनिवारी नक्की येतो’ असे सांगून गेलेला सुतार तिसऱ्या शनिवारीही फिरकत नाही आणि मुलांची पुस्तके पलंगाखाली, खिडकीच्या कट्ट्यावर वाढतच जातात. अशा वेळी एक लहानसे शेल्फ स्वतःच करून पाहायला काय हरकत आहे? दिवाण-कपाटाचे स्वप्न तूर्त बाजूला ठेवा.

३० इंच उंच, ३० इंच रुंद आणि १० इंच खोल शेल्फ पहिल्या प्रयत्नाला पुरे. त्यासाठी ८ फूट बाय २ फूट, १९ मि.मी. जाडीचे प्लायवूड घ्या. त्यातून १० इंच रुंदीच्या दोन लांब पट्ट्या निघतात. दोन बाजू ३० इंचांच्या. फळ्या चार, पण त्या ३० इंचांच्या नव्हेत! नवशिक्यांची फसगत हमखास इथेच होते. दोन्ही बाजूंची जाडी मिळून दीड इंच होते, म्हणून फळी साडेअठ्ठावीस इंचांचीच हवी. शिवणकाम करणाऱ्या गृहिणीला हे चटकन उमगेल. माया धरल्याशिवाय ती कापडाला कात्री लावत नाही. करवतही दोन-तीन मि.मी. लाकूड खाते, तेव्हा रेघेच्या बाहेरून कापा. दुकानात यंत्रावर कापून मिळत असेल तर फारच उत्तम. त्यात कमीपणा कसला?

खालचा कप्पा ११, मधला ९ आणि वरचा ७ इंचांचा ठेवा. प्रत्येक सांध्याला फेविकॉल आणि दोन इंची तीन स्क्रू लावा. मात्र स्क्रूपेक्षा बारीक भोक आधी पाडायला विसरू नका, नाहीतर प्लायवूडचे थर फाटतात. मग समोरासमोरचे कोपरे तिरके मोजून पाहा. दोन्ही मापे सारखी भरली की चौकट काटकोनात आहे असे समजा आणि मगच मागे ६ मि.मी.चे प्लायवूड ठोका. पैसे वाचवायला ही पाठ गाळली, तर शेल्फ डुलू लागते.

कडा पॉलिश पेपरने घासा. फरशी पुसताना प्लायवूड भिजू नये म्हणून खाली रबरी बूट बसवा.

रात्रभर फेविकॉल वाळू द्या. पुस्तके रचण्याची मुलांना कितीही घाई असली, तरी आधी शेल्फ वरच्या बाजूने लोखंडी अँगलने भिंतीला पक्के करा. मुले कप्प्यांची शिडी करतात आणि भरलेले शेल्फ अंगावर येऊ शकते. जाडजूड शब्दकोश तळच्या कप्प्यात ठेवा.