दस्ता काळा कसा होतो

बुऱ्हाणपूरहून खंडव्याकडे निघाले की साधारण वीस किलोमीटरवर सातपुड्यातला असीरगड दिसतो. जून 1818 मध्ये पेशवा दुसरा बाजीराव याच मुलखात, धूळकोटच्या बाजूला, इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला. पेशवाई संपली तरी शिंद्यांचा किल्लेदार जसवंतराव लाड गडावर होता. नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांना त्याने थारा दिला, इंग्रजांनी वेढा घातला आणि 9 एप्रिल 1819 रोजी गड पडला. या वेढ्याच्या हकिगतींत तोफा आहेत, दारूगोळा आहे. शिपायाच्या खांद्याला टेकलेल्या लाकडाची चौकशी सहसा कोणी करत नाही. बंदुकीचा दस्ता म्हणजे जणू नळी धरायची सोय, एवढेच.

या परिसरात दस्त्यांचे दोन घाट येऊन गेले. एक आपल्याकडच्या तोडेदार बंदुकीचा: सरळ, सडपातळ दस्ता, नळी चामड्याच्या किंवा तारेच्या बंदांनी त्यावर आवळलेली. कानावर रंजक, म्हणजे पेट घेणारी बारीक दारू, घालायची, चाप ओढला की पेटता तोडा खाली येणार. दुसरा कंपनीच्या शिपायाचा: ‘इंडिया पॅटर्न’ मस्केट, 39 इंची नळी, गारेचा चाप आणि खांद्यात बसणारा, खाली वाकलेला अक्रोडाचा दस्ता. पुढे पोलिसांच्या हाती आलेल्या .303 रायफलीचा दस्ताही मुख्यतः अक्रोडाचाच. अक्रोड का, तर लाकूड चिवट, धक्का सोसणारे, पटाशीला राजी आणि वजनाला बेताचे. सातपुड्यात साग, शिसव, अंजन मुबलक. पण अंजन आणि शिसव जड पडतात, आणि सागाच्या अंगातच तेल असल्याने वरून लावलेले तेल लवकर सुकत नाही.

जुना दस्ता काळसर दिसतो तो कोणी रंगवला म्हणून नव्हे. दस्त्याला लावलेले जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि वर्षांगणिक गडद होत जाते. त्यात हाताचा घाम, मळ आणि दारूची काजळी मुरते. तिसरे कारण मला सर्वांत आवडते: लोखंड. लाकडात तुरट द्रव्य असते. ओलाव्यात नळीचे आणि चापाचे लोखंड त्याच्याशी मिळाले की शाईसारखा काळा डाग पडतो. हिरडा आणि हिराकस वापरणाऱ्या रंगाऱ्याला ही किमया नवी नाही. म्हणून जुन्या दस्त्यावर चापाभोवतीची जागा सर्वांत काळी असते आणि दस्त्याच्या मनगटाजवळची, म्हणजे मुठीत धरायच्या बारीक भागाजवळची, गुळगुळीत तपकिरी. वरून गडद स्टेन मारला की हा फरक झाकला जातो. पन्नास वर्षांचे काम एका दुपारी उरकल्याचे समाधान मिळते, पण काम पुसलेही जाते. संग्रहातल्या जुन्या बंदुकीला स्टेन लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नव्या लाकडाची गोष्ट वेगळी. फुटलेल्या दस्त्याला जोड दिला, किंवा फिकट लाकडाचा दस्ता बसवला, तर रंग जुळवावा लागतोच. पण स्टेनआधीचे काम निम्म्याहून जास्त. जुने पॉलिश काढायचे; पण दस्त्यावर ठोकलेले शिक्के आणि नंबर असतील तिथे पॉलिशपेपर न्यायचा नाही. खड्डे कापून सपाट करायचे नाहीत. ओले फडके ठेवून वर गरम इस्त्री टेकवली की दबलेले तंतू वाफेने फुगतात आणि खड्डा वर येतो. तंतू तुटलेले असतील तर मात्र येत नाही. मग सगळे लाकूड ओलसर करायचे, उभे राहिलेले रोम वाळल्यावर बारीक पेपरने उतरवायचे. हा टप्पा गाळला तर पाण्याचा स्टेन लावताच दस्ता खरखरीत होतो.

फजिती होते ती लाकडाच्या टोकांना. दस्त्याच्या मागच्या कडेला रेषा उघड्या पडलेल्या असतात, वळणदार मनगटावरही तिरक्या; तिथे लाकूड अधाशीपणे रंग पिते आणि उरलेला दस्ता तपकिरी असताना तेवढेच काळे पडते. जाणते कारागीर तिथे आधी पातळ चपड्याचा हलका हात देतात आणि स्टेन एकदम न ओतता दोन-तीन पातळ हातांत चढवतात. स्पिरिटचा स्टेन झटकन सुकतो, म्हणून हात भरभर चालावा लागतो; तेलाचा सवड देतो. फारच काळा हवा असेल तर लाकडाला हिरड्याचे पाणी पाजून वर हिराकसाचे द्रावण फिरवायचे. पण आधी सुट्या तुकड्यावर पाहावे, कारण तो काळा रंग परत काढणे कठीण.

या भागात दस्त्याचा खरा शत्रू हवा. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो आणि लगेच पावसाळा. सुकलेले लाकूड आकसते, ओले फुगते. दस्त्याचा पुढचा भाग नळीवर दाबला की गोळी नेम सोडून जाते. ईशापूरच्या शस्त्र कारखान्यात बनलेल्या .303 च्या पुढच्या लाकडात आडवा स्क्रू दिसतो, तो लाकूड फाटू नये म्हणून. त्यामुळे तेल बाहेरूनच नव्हे, नळीच्या खाचेतही लावायचे. आठवडाभर रोज, मग महिनाभर आठवड्यातून एकदा, मग महिन्याला एकदा: ही जुनी रीत. प्रत्येक वेळी थेंबभर तेल तळहाताने चोळायचे, उरलेले पुसून टाकायचे. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी एकदम वाटीभर तेल ओतले तर चिकट पापुद्रा धरतो आणि त्यावर धूळ बसते.

दोन गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती हा परवान्याचा व्यवसाय आहे. मालकाकडे बंदुकीचा परवाना आहे म्हणून गल्लीतल्या सुताराकडे ती टाकून येता येत नाही. दुसरी, तेलाची फडकी. जवसाचे तेल सुकताना उष्णता सोडते. बोळा करून कोपऱ्यात फेकलेले फडके काडी न लावता पेट घेऊ शकते. अशी फडकी पसरून वाळवावीत, नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावीत.